पहिला प्रयोग होतो, दुसरा का होत नाही? वाद्यवृंदांना आणि रचनास्पर्धांच्या आयोजकांना खुलं पत्र

प्रति,
सिंफनी वाद्यवृंदांचे कलासंचालक व व्यवस्थापक, तसेच नव्या संगीताचे महोत्सव आणि रचनास्पर्धा भरवणाऱ्या सर्व संस्था यांस,

विषय: तरुण संगीतकारांकडून नव्या रचना मागवण्याच्या अटी बदलण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

नव्या हंगामासाठी रचना मागवणारी आवाहनं पुन्हा निघाली आहेत आणि अटी जशाच्या तशा आहेत. रचना आजवर कुठेही वाजलेली नसावी. लांबी आठ ते दहा मिनिटं. संगीतकाराचं वय तिशीच्या, फार तर पस्तिशीच्या आत. प्रवेशशुल्क परत मिळणार नाही. लायक रचना आढळली नाही तर पारितोषिक न देण्याचा हक्क आयोजकांकडे राहील. या अटींबद्दल तालमींच्या मध्यंतरात, वर्गांत, लायब्ररीत वर्षानुवर्षं कुरकुर होत आली आहे. आपल्यापर्यंत ती पोचत नाही, कारण तक्रार करणाऱ्याला पुढच्या आवाहनालाही रचना पाठवायची असते. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहोत.

आम्ही नवं संगीत लिहिणारे, त्याचे पार्ट (प्रत्येक वाद्यासाठी वेगळी लिहिलेली प्रत) तयार करणारे, ते वाद्यवृंदाच्या लायब्ररीत लावणारे, मंचावर वाजवणारे आणि रचना शिकवणारे लोक आहोत. एखादी नवी रचना फसली की ती नेमकी कुठे फसली हे टीकाकाराच्या आधी आम्हाला कळतं. बहुतेक वेळा ती स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांचं संगीत एकत्र लिहिलेल्या प्रतीत, फसलेली नसते. तिच्या तयारीत फसलेली असते, आणि ती तयारी आपल्या हातात असते.

आमचं मुख्य म्हणणं असं. तरुण संगीतकाराची कारकीर्द अडते ती दुसऱ्या प्रयोगापाशी. शुभारंभाच्या प्रयोगाला निधी मिळतो, बातमी होते, कार्यक्रमपत्रिकेत 'जागतिक पहिलं सादरीकरण' असं छापता येतं. त्यानंतर तोच स्कोअर हातात घेणारा दुसरा वाद्यवृंद मिळत नाही. आणि पहिल्याच वेळी रचना पुरती उमगली असं संगीताच्या इतिहासात क्वचित घडलं आहे. स्ट्राविन्स्कीच्या 'द राइट ऑफ स्प्रिंग'च्या वेळी 29 मे 1913 रोजी पॅरिसमध्ये झालेला गोंधळ सगळे सांगतात. पुढचं कमी सांगितलं जातं. बॅलेचे उरलेले प्रयोग झाले, आणि वर्षभराच्या आत, 1914च्या एप्रिलमध्ये, त्याच शहरात त्याच कंडक्टरने, पिएर मॉन्टो यांनी, ती रचना नृत्याशिवाय मैफलीत वाजवली. या वेळी श्रोत्यांनी स्ट्राविन्स्की यांना खांद्यावर उचलून घेतलं. अलीकडचं उदाहरण थॉमस अ‍ॅडेस यांच्या 'अ‍ॅसायला'चं. 1997 मध्ये बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदाने सायमन रॅटल यांच्या हाताखाली ती पहिल्यांदा वाजवली तेव्हा अ‍ॅडेस 26 वर्षांचे होते. 2000 मध्ये तिला संगीतरचनेसाठीचा ग्रॉमायर पुरस्कार मिळाला, आणि 2002 मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकचे प्रमुख कंडक्टर म्हणून आपल्या पहिल्याच मैफलीत रॅटल यांनी तीच रचना पुन्हा घेतली. एका कंडक्टरने एका तरुण माणसाची एक रचना सोडून दिली नाही, एवढंच त्यात घडलं. ते आज अपवादानेच का घडतं, याची कारणं पुढे मांडतो.

'कुठेही न वाजलेली' ही अट आमच्या मते सर्वांत घातक आहे. तिशीपर्यंत पोचलेल्या संगीतकाराकडे पूर्ण वाद्यवृंदासाठीच्या तीन-चार रचना असतात. त्यातली प्रत्येक एकदा वाजली की अशा आवाहनांच्या दृष्टीने ती संपली. विद्यापीठाच्या वाद्यवृंदाने अपुऱ्या तालमीत केलेलं सादरीकरणही 'सादरीकरण' म्हणून धरलं जातं. मग चांगली रचना सुधारत नेण्यापेक्षा दरवर्षी नवी लिहिणं भाग पडतं. ज्या वयात आपलाच स्कोअर तीनदा ऐकून त्यातले दोष काढायला शिकायचं, त्या वयात तो एकदाच ऐकून कपाटात ठेवला जातो.

याच अटीशेजारी दुसरी अट असते: स्कोअरसोबत ध्वनिमुद्रण जोडावं. जी रचना वाजलेलीच नाही तिचं ध्वनिमुद्रण कुठून आणायचं? संगणकात साठवलेल्या वाद्यांच्या आवाजांच्या नमुन्यांतून तयार केलेलं आणायचं, हे गृहीत असतं. यातून काय बिघडतं हे आपल्या परीक्षकांना ठाऊक आहे, तरी सांगतो. बासरीचे सगळ्यात खालचे स्वर प्रत्यक्षात क्षीण असतात. चार हॉर्न आणि तीन ट्रॉम्बोन भरात वाजत असताना ते सभागृहात ऐकूच येत नाहीत. संगणकावर एक पट्टी वर सरकवली की ते स्पष्ट ऐकू येतात. उलट गजाचा दाब वाढवून काढलेला खरखरीत नाद, क्लॅरिनेटचे मल्टिफोनिक (एकाच वेळी निघणारे अनेक स्वर), ट्रॉम्बोनमध्ये नुसती फुंकलेली हवा, यांतलं बरंचसं सॉफ्टवेअर वाजवत नाही किंवा साध्या स्वरात बदलून टाकतं. म्हणजे परीक्षकांच्या कानावर खरी रचना पडतच नाही. हुशार विद्यार्थी ही गोष्ट लवकर हेरतात आणि संगणकावर चांगलं वाजेल तेच लिहू लागतात. अशा पिढीच्या रचना पुढे मंचावर पोकळ वाटल्या तर दोष तिच्यावर टाकता येणार नाही.

आता तालीम आणि पार्ट. इथे थोडं सविस्तर लिहावं लागेल, कारण खरं नुकसान इथेच होतं.

मध्यम आकाराचा वाद्यवृंद धरू: लाकडी सुषिर वाद्यं दोन-दोन, म्हणजे आठ, चार हॉर्न, दोन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, एक ट्यूबा, टिम्पनी, दोन तालवाद्यवादक, एक हार्प, आणि तंतुवाद्यं 14, 12, 10, 8, 6. तंतुवादक दोघांत एक स्टँड वापरतात, म्हणजे त्यांच्या 25 प्रती. बाकीच्यांच्या 22. एकूण 27 वेगळे पार्ट मांडायचे आणि 47 प्रती छापायच्या. दहा मिनिटांच्या रचनेला पार्टामागे सरासरी सात पानं धरली तरी सव्वातीनशेच्या वर पानं होतात. सॉफ्टवेअर पार्ट आपोआप काढून देतं हा समज चुकीचा आहे. ते स्वर वेगळे करून देतं, वाचता येईल असा पार्ट देत नाही. उजव्या पानाच्या शेवटी पान उलटण्यापुरता विराम यावा म्हणून प्रत्येक पान हाताने मांडावं लागतं. व्हायोलिनच्या पार्टात हे साधलं नाही तर प्रत्येक स्टँडवरचा आतला वादक पान उलटायला थांबतो आणि काही सेकंद अर्धी व्हायोलिनं गप्प होतात. लांब विरामानंतर प्रवेश करणाऱ्या वादकाला आधी कोण वाजवत होतं ते बारीक अक्षरांत दाखवावं लागतं. पाच रेघांच्या पट्टीची उंची सात मिलिमीटरच्या खाली गेली तर दोघांना मिळून एका स्टँडवरून वाचणं अवघड होतं. कागद पातळ असला तर मंचाच्या प्रकाशात मागच्या पानावरचे स्वर दिसतात.

हे काम करायला अनुभवी माणसाला काही आठवडे लागतात. आपल्या बहुतेक करारांत त्याचा वेगळा खर्च धरलेला नसतो. तो संगीतकाराने मानधनातून करायचा असतो, आणि मानधनाचा मोठा हप्ता तर प्रयोगानंतर मिळतो. म्हणून तो स्वतःच रात्री जागून पार्ट काढतो. शार्प-फ्लॅटच्या, म्हणजे तीव्र-कोमल खुणांच्या, चुका तशाच राहतात, आणि त्या सापडतात तालमीत, सत्तर माणसं बसलेली असताना.

आणि तालीम किती? एका मैफलीसाठी अडीच-अडीच तासांच्या चार तालमी धरल्या, तर मध्यंतरं वजा जाता नऊ तासांहून कमी वेळ उरतो. त्यात कॉन्चेर्टो आहे, उत्तरार्धातली मोठी सिंफनी आहे. वाद्यवृंदाला सिंफनी पाठ असते, तरी तास तिलाच जास्त मिळतात. नव्या रचनेच्या वाट्याला दोन दिवसांत मिळून चाळीस-पन्नास मिनिटं येतात. ती कशी जातात ते पाहा. पहिली पाच मिनिटं तालवाद्यं हलवण्यात जातात, कारण मांडणीचा आराखडा कोणी आधी मागितलेला नसतो. व्हायब्राफोन डावीकडे, बास ड्रम उजवीकडे, आणि स्कोअरमध्ये एका वाद्याकडून दुसऱ्याकडे जायला, काठ्या बदलायला तीन सेकंद. मग प्रश्न सुरू होतात. हा शार्प वरच्या सप्तकालाही लागू आहे का? हार्मोनिक बोट ठेवायच्या जागी लिहिलाय की ऐकू येणाऱ्या स्वरावर? म्यूट (आवाज दबवायला लावलेला तुकडा) काढायला वेळ कुठे आहे? हार्पला सात पेडल, प्रत्येकाच्या तीन जागा. या मात्राखंडात (बारमध्ये) चार पेडल एकदम बदलायची का? मल्टिफोनिकची बोटं फ्रेंच पद्धतीच्या क्लॅरिनेटसाठी दिलेली आहेत आणि वादकाकडे जर्मन पद्धतीचं वाद्य आहे, मग काय वाजवायचं? यातला एकही प्रश्न तालमीत सुटावा असा नाही. पार्ट दोन महिने आधी लायब्ररीत आले, कॉन्सर्टमास्टरने, म्हणजे प्रमुख व्हायोलिनवादकाने, गजाच्या दिशा लावून दिल्या, आणि संगीतकाराला तालवाद्यवादक, हार्पवादक व एखाद्या सुषिरवादकाबरोबर तासभर बसवलं, तर हे सगळं एका टेबलाभोवती मिटतं. त्यासाठी संपूर्ण वाद्यवृंदाचा एक मिनिटही लागत नाही. लायब्रेरियन मंडळी हे वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. पण निवड जाहीर व्हायला उशीर होतो, करार त्याहून उशिरा येतो, आणि पार्ट तालमीच्या आदल्या आठवड्यात पोचतात.

यानंतर प्रयोग होतो. रचना 'जमली नाही' असं मत पडतं. ते मत रचनेला कायमचं चिकटतं.

प्रयोगानंतर जे घडतं त्याबद्दल सहसा कोणी बोलत नाही, म्हणून ते ठळकपणे मांडतो. मैफलीचं ध्वनिमुद्रण बहुतेक वेळा झालेलं असतं, पण संगीतकाराला मिळत नाही. वादकांशी असलेल्या करारामुळे ते देता येत नाही, असं कारण दिलं जातं. वादकांच्या हक्कांची काळजी रास्त आहे. आमच्यापैकी काही स्वतः वादक आहेत. त्यांचं वाजवणं परवानगीशिवाय बाजारात जाऊ नये हे आम्हालाही मान्य आहे. पण संगीतकार विक्रीचा हक्क मागत नाही. पुढच्या अर्जाला जोडायला आणि स्वतःच्या अभ्यासाला ते हवं असतं. परवलीच्या शब्दाखाली ठेवलेली, ऐकता येईल पण उतरवून घेता येणार नाही अशी एक फाइल, आणि करारात आधीच घेतलेली वादकांची संमती, एवढ्याने हे सुटतं. ज्या संस्था ध्वनिमुद्रण जोडायला सांगतात त्याच ते द्यायला नकार देतात, तेव्हा अर्जदाराकडे पुन्हा संगणकाचाच आवाज उरतो.

दुसरी वस्तू म्हणजे खुणा केलेले पार्ट. कॉन्सर्टमास्टरने लावलेल्या गजाच्या दिशा, वादकांनी पेन्सिलने केलेल्या दुरुस्त्या, कंडक्टरने बदललेले जोर, हे सगळं त्या 47 प्रतींवर असतं. दुसऱ्या वाद्यवृंदाला हेच तयार मिळालं तर त्याच्या तालमीचा वेळ निम्म्याने वाचेल. पण प्रती लायब्ररीच्या कपाटात जातात किंवा खुणा खोडून परत येतात. दुसरा प्रयोग ठरलाच तर सगळं मुळापासून. त्यात 2024च्या ऑगस्टमध्ये फिनाले हे जुनं स्वरलेखन सॉफ्टवेअर बंद करत असल्याचं त्याच्या कंपनीने जाहीर केलं. ज्यांच्या रचना त्यात आहेत त्यांना त्या डोरिको, सिबेलियस किंवा म्यूझस्कोअरमध्ये न्याव्या लागताहेत. देवाणघेवाणीच्या फाइलमधून स्वर जातात, पण पानांची मांडणी मोडते आणि स्वतः आखलेली खास चिन्हं हरवतात. अशा वेळी खुणा केलेल्या पार्टांचं साधं स्कॅन संगीतकारासाठी फार मोलाचं असतं.

वयाच्या अटीबद्दल एवढंच सांगतो. संगीतकार ग्यॉर्गी लिगेती डिसेंबर 1956 मध्ये हंगेरीतून बाहेर पडले. 'अ‍ॅटमॉस्फियर्स' ही त्यांची रचना ऑक्टोबर 1961 मध्ये जर्मनीतल्या डोनाउएशिंगेनच्या महोत्सवात वाजली तेव्हा ते 38 वर्षांचे होते. यानाचेक यांचा 'येनूफा' हा ऑपेरा 1904 मध्ये ब्रनोत पहिल्यांदा झाला तेव्हा ते 49 वर्षांचे होते, आणि तो प्राहाच्या मंचावर यायला 1916 उजाडलं. देश सोडावा लागलेले, नोकरी करून शिकलेले, मुलं लहान असताना काही वर्षं लिहू न शकलेल्या स्त्रिया, हे सगळे पस्तिशीच्या रेषेबाहेर पडतात. तरुण संगीतकारांना संधी हवी हे खरंच आहे. पण नवखेपण जन्मतारखेवरून मोजू नका. वाद्यवृंदासाठीच्या किती रचना आजवर वाजल्या यावरून मोजा.

प्रवेशशुल्काचा हिशेब साधा आहे: न निवडल्या गेलेल्यांच्या पैशांतून निवडलेल्याचं पारितोषिक निघतं. वर्षाला दहा-बारा आवाहनांना रचना पाठवणाऱ्याला हा बोजा सोसत नाही, आणि ज्याच्या घरी पैसा आहे त्याच्या रचना आपोआप जास्त ठिकाणी पोचतात. त्यातही पारितोषिक कोणालाच न देता शुल्क ठेवून घेणं आम्हाला कोणत्याही कारणाने पटत नाही. नियमावलीच्या शेवटी बारीक अक्षरांत सादरीकरणाचे आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क मुदतीशिवाय मागून घेणं हेही नाही.

आठ-दहा मिनिटांच्या मर्यादेमुळे आणखी एक गोष्ट होते. मैफलीच्या सुरुवातीला लावायचा तुकडा, एवढंच नव्या रचनेचं स्थान उरतं. अशा सहा तुकड्यांनंतरही पंचवीस मिनिटांचा आवाका सांभाळता येतो की नाही हे संगीतकाराला कळलेलं नसतं, आणि मग मोठं काम 'अनुभव नाही' म्हणून दिलं जात नाही.

याहून बरे मार्ग अस्तित्वात आहेत आणि ते चालतात. तीन-चार वाद्यवृंदांनी मिळून एकच रचना लिहून घ्यायची, खर्च वाटून घ्यायचा, प्रत्येकाने आपल्या प्रदेशात ती पहिल्यांदा वाजवायची. पहिल्या ठिकाणच्या चुका दुसऱ्या ठिकाणापर्यंत दुरुस्त होतात आणि तिसऱ्या ठिकाणी रचना खरी ऐकू येते. दुसरा मार्ग दीर्घ सहवासाचा. कॅरोलिन शॉ यांनी 'पार्टिता फॉर एट व्हॉइसेस' ही रचना 2009पासून काही वर्षांत, त्या स्वतः ज्यात गात होत्या त्या रूमफुल ऑफ टीथ या गायकवृंदासाठी, थोडी थोडी करून लिहिली. 2013 मध्ये तिला पुलित्झर मिळालं. वाजवणारे-गाणारे समोर असताना, त्यांच्याबरोबर करून पाहत लिहिलेल्या संगीताला असा वेळ मिळतो. वाद्यवृंदाला एवढं जमणार नाही हे आम्ही जाणतो. पण एका संगीतकाराला दोन हंगाम जोडून घेणं नक्की जमेल.

आमच्या मागण्या अशा:

1. 'न वाजलेली' ही अट काढा. निदान निम्म्या जागा अशा रचनांसाठी ठेवा ज्या एकदा वाजल्या आहेत आणि नंतर सुधारल्या आहेत.

2. संगणकावरचं ध्वनिमुद्रण सक्तीचं करू नका. परीक्षकांनी स्कोअर वाचावा. ध्वनिमुद्रण हवंच असेल तर संगीतकाराच्या इतर कुठल्याही रचनेचं, प्रत्यक्ष वादकांनी वाजवलेलं, चालावं. चारच वादकांचं असलं तरी.

3. पार्ट तयार करण्याचा खर्च मानधनापासून वेगळा धरा आणि मानधनाचा निदान तिसरा हिस्सा करारावर सही होताना द्या.

4. निवड पहिल्या तालमीच्या किमान नऊ महिने आधी जाहीर करा, म्हणजे पार्ट दोन महिने आधी येतील. तालवाद्यवादक, हार्पवादक आणि एका सुषिरवादकाबरोबर संगीतकाराची बैठक करारातच लिहा.

5. दहा मिनिटांच्या नव्या रचनेला किमान 90 मिनिटं तालीम, दोन वेगवेगळ्या दिवशी. पहिल्या दिवशीच्या चुका दुरुस्त करायला मधे एक रात्र हवी.

6. प्रयोगानंतर 30 दिवसांत अभ्यासासाठी व अर्जांसाठी ध्वनिमुद्रण, आणि खुणा केलेल्या पार्टांचं स्कॅन.

7. प्रवेशशुल्क बंद. ते लगेच शक्य नसेल तर प्रत्येक अर्जदाराला परीक्षकांचं लेखी मत द्या, आणि पारितोषिक दिलं नाही तर शुल्क परत करा.

8. रचना वाजवण्याचा आपला एकाधिकार प्रयोगापासून 12 महिन्यांपुरताच. ठरलेला प्रयोग 18 महिन्यांत झाला नाही तर सर्व हक्क संगीतकाराकडे परत.

9. प्रत्येक मैफलीनंतर रचनेचं नाव, लांबी आणि संगीतकाराचं नाव रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेकडे न चुकता कळवा. हे अर्ध्या तासाचं काम राहून गेलं की संगीतकाराची कमाई बुडते.

यातल्या सहाव्या, आठव्या आणि नवव्या मागणीला जवळजवळ काहीच खर्च नाही. त्या याच हंगामापासून अमलात याव्यात. तालमीचा वेळ, पार्टांचा खर्च आणि शुल्क यांना पैसा लागतो हे आम्हाला माहीत आहे; त्यासाठी पुढच्या अंदाजपत्रकात तरतूद करा, आणि पैसा कमी पडत असेल तर वर्षाला चार शुभारंभांऐवजी दोनच करून त्या दोन रचना नीट वाजवा आणि पुन्हा वाजवा.

आपल्या पुढच्या आवाहनाच्या अटी छापल्या जाण्याआधी या पत्राला जाहीर उत्तर मिळावं, आणि त्या अटी ठरवणाऱ्या बैठकीत एक संगीतकार, एक लायब्रेरियन आणि एक वादक यांना बसवावं, अशी विनंती.

आपले,
नवं संगीत लिहिणारे, त्याचे पार्ट काढणारे, वाजवणारे आणि शिकवणारे